चौथं झेंडावंदन

दिल्लीच्या कौन्सिल हाऊसमधल्या प्रेक्षक सज्जात तुम्ही बसला आहात. मंगळवार, २२ जुलै १९४७. खाली संविधान सभेचे सभासद कागद चाळताहेत. शेजारचे गृहस्थ सहज विचारतात, "आपण कुठले?"

"उदगीरचे."

"मग आपले सभासद कोणते यांतले?"

तुम्ही कठड्यावरून वाकून बघता. पंजाबराव देशमुख दिसतात, पण ते अमरावतीचे. काकासाहेब गाडगीळ दिसतात, ते पुण्याचे. उदगीर, लातूर, नांदेड यांच्या वतीनं बोलणारा एकही माणूस खाली नाही. उदगीर आज बीदर जिल्ह्यात आहे, लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात, नांदेड स्वतःच जिल्हा. आणि हे सगळं निजामाचं हैदराबाद संस्थान. इंग्रज गेले की आम्ही स्वतंत्र, असं निजाम मीर उस्मान अली खान यानं गेल्याच महिन्यात जाहीर करून टाकलंय. त्यामुळे इथं हैदराबादचा माणूस नाही. तुम्ही पुढच्या काळातून आला आहात म्हणून सांगायला हरकत नाही: २६ नोव्हेंबर १९४९ ला राज्यघटना पुरी झाली, तोवर या सभागृहात हैदराबादचा प्रतिनिधी आलाच नाही. सकाळी चहावाल्यानं तुमचा निजामी हाली रुपया उलटसुलट करून परत दिला, तेव्हाच खरं तर अंदाज यायला हवा होता.

जवाहरलाल नेहरू उठतात. ठराव चार ओळींचा आहे. केशरी, पांढरा आणि गडद हिरवा असे तीन आडवे, सारख्या रुंदीचे पट्टे. पांढऱ्याच्या मधोमध निळं चक्र, सारनाथच्या अशोकस्तंभावर आहे तसं. झेंड्याच्या रुंदीला लांबी दीडपट. मग ते दोन झेंडे उलगडून दाखवतात. एक रेशमी खादीचा, एक सुती खादीचा. सभागृह रेशमाकडे बघतं. तुम्ही सुती खादीकडे बघा. या कापडाशी तुमच्या गावाचं पुढे नातं जुळणार आहे आणि ते आज इथं फक्त तुम्हाला माहीत आहे.

काँग्रेसच्या झेंड्यावर चरखा होता, तो गेला कुठं, हा प्रश्न अनेकांच्या चेहऱ्यावर आहे. नेहरूंचं उत्तर कारागिराला पटावं असं आहे: झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे. चरख्याला एका अंगाला चाक, दुसऱ्या अंगाला चाती. मागून बघितला की उलटा. म्हणून चरख्याचं नुसतं चाक ठेवलं आणि ते अशोकाचं घेतलं. गांधीजींना हे मनापासून रुचलेलं नाही, हे तुम्ही पुढे वाचणार आहात. ह. वि. कामत यांनी चक्रात स्वस्तिक घालावं अशी सूचना नोंदवून ठेवली होती. प्रत्यक्ष झेंडा बघितल्यावर त्यांनी ती मांडलीच नाही. मला विचाराल तर दिवसभराच्या भाषणांपेक्षा हे मागं घेणं जास्त बोलकं होतं.

सगळ्यांत शेवटी सरोजिनी नायडू बोलतात. निवडून आल्या आहेत बिहारमधून. जन्म मात्र हैदराबादचा, घर हैदराबादचं, वडील निजामाच्या राजधानीत कॉलेज उभारणारे. त्यांच्या भाषणानंतर सगळं सभागृह उभं राहतं आणि ठराव मंजूर होतो. तुमच्या संस्थानाची त्या दिवसाची हजेरी म्हणजे ही एवढीच.

सज्जा सोडू नका. इथंच बसून तीन आठवडे पुढे सरका.

१४ ऑगस्टची रात्र. सुचेता कृपलानी यांच्या आवाजात वंदे मातरम् झालंय, नेहरूंचं भाषण झालंय, बाराचे ठोके पडलेत, शंख वाजलाय, सभासदांनी शपथ घेतलीय. आता एक बाई पुढे येतात. हंसाबेन मेहता. मुंबईत परदेशी कापडाच्या दुकानांपुढे निदर्शनं करून तुरुंगात गेलेल्या. खरं तर हे काम सरोजिनीबाईंचं होतं, पण त्या संयुक्त प्रांताच्या राज्यपाल म्हणून लखनौला गेल्या आहेत. हंसाबेन भारतातल्या स्त्रियांच्या वतीनं एक झेंडा अध्यक्ष राजेंद्र प्रसाद यांच्या हाती देतात आणि म्हणतात की या सभागृहावर चढणारा पहिला झेंडा स्त्रियांनी दिलेला असावा, हे योग्यच आहे. सकाळी सभा पुन्हा भरते, लॉर्ड माउंटबॅटन यांचं भाषण होतं, आणि बाहेर तोफेचा आवाज येतो. छतावर झेंडा चढवण्याची ती खूण. तुम्ही मान वर करता. अर्थात वर घुमटच दिसतो.

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्या संसदेला स्वतःचा वेगळा झेंडा नाही. कुठलं चिन्ह नाही, कडेची नक्षी नाही. जो तहसील कचेरीवर, तोच संसदेवर. फरक असलाच तर मापाचा. म्हणून उदगीरच्या माणसाला या छताकडे बघताना परकं वाटायचं कारण नाही. मात्र आज, १५ ऑगस्ट १९४७ ला, वाटतं. कारण हाच झेंडा तुमच्या तहसिलीवर लावला तर अटक होते.

तेव्हा तुम्ही खरं म्हणजे काल रात्री गावी असायला हवं होतं. चला.

उदगीर. तीच रात्र, तोच प्रहर. किल्ल्याच्या बाजूनं गार वारा येतोय. कचेरीवर आसफजाही निशाण आहे, पिवळं, मधे गोल. रस्त्यावर चिटपाखरू नाही. भारताचा झेंडा जाहीरपणे लावायला निजाम सरकारची बंदी आहे. स्टेट काँग्रेसनं ७ ऑगस्टला 'भारतात सामील व्हा' दिन पाळला तेव्हापासून धरपकड जोरात आहे. दारावर हलकी थाप पडते.

"कोन हाय?"

"मी हाय मामा. दार उघडा लवकर."

पोरगा सोळा-सतरा वर्षांचा, शाळा सोडून चळवळीत गेलेला. कालपर्यंत शिंदीची झाडं तोडत हिंडत होता, कारण ताडी-शिंदीच्या उत्पन्नावर निजामाची तिजोरी भरते. त्यानं सदऱ्याच्या आतून एक कापड काढलं. बापाचं जुनं धोतर फाडून, बाजारातल्या पुडीनं रंगवलेलं. केशरी रंग थोडा पांढऱ्यात उतरलाय. मधे दोऱ्यानं वर्तुळ आखून शाईनं चाक काढलंय, पण चक्राची बातमी सोलापूरहून चोरून आलेल्या पेपरातली, त्यात चित्र नव्हतं. त्यानं आरे काढलेत बारा.

तुम्हाला माहीत आहे की आरे चोवीस असतात. गप्प राहा.

"सकाळपतूर ठिवा तुमच्याकडं. कणगीत ठिवा. कुनी बघनार न्हाई."

ठेवा. पहाटे तो परत येईल, दोघंतिघं मिळून वेशीबाहेरच्या लिंबावर तो बांधतील, सूर्य हातभर वर येईपर्यंत तो तिथं राहील, मग पोलीस येतील. त्या दिवशी संस्थानात ठिकठिकाणी हेच चाललंय. हैदराबाद शहरात स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी तिरंगा फडकवला आणि त्यांना अटक झाली. स्वामीजी तुम्हाला ओळखीचे आहेत, अंबाजोगाईच्या शाळेतले गुरुजी म्हणून. अख्खा मराठवाडा त्यांना तसाच ओळखतो.

पुढचं वर्ष भरभर जायला तुम्हाला आवडेल, पण ते तसं जात नाही.

३० जानेवारी १९४८. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावरचं उमरी, नांदेड जिल्हा. मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांची तुकडी तिथल्या हैदराबाद स्टेट बँकेवर चालून जाते आणि जवळपास २१ लाख रुपये घेऊन निघते. लढ्याला पैसा लागतो आणि तो शत्रूच्या तिजोरीतूनच आणायचा, हा त्यांचा साधा हिशेब. आणि पैचा हिशेब त्यांनी ठेवला, ही या कथेतली मला सगळ्यांत आवडणारी बाब. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींना गोळ्या लागल्या. बातमी उमरीच्या आसपासच्या रानात पोचायला वेळ लागला असेल. संसदेवरचा झेंडा अर्ध्यावर उतरलेला होता, आणि इथं पूर्ण चढवायलाही तो अजून मिळाला नव्हता.

आता लातूर. गंजगोलाईच्या मधोमध उभे राहा. इथून सोळा रस्ते फुटतात, त्यामुळे कुठूनही कुणीही येऊ शकतं आणि सध्या लोक त्याच धास्तीत आहेत. बार्शी लाइटची छोटी गाडी कुर्डुवाडीहून येते तेव्हा करोडगिरीवाले, म्हणजे जकातवाले, डब्यात शिरतात. कापडाचे गठ्ठे उसवतात, पेपर काढून घेतात. व्यापारी हाली आणि इंग्रजी कलदार अशा दोन रुपयांत बोलतात आणि आवाज खाली ठेवतात. ज्याच्यामुळे आवाज खाली आहेत तो माणूस याच गावात वकिली करायचा. कासीम रझवी. आता तो हैदराबादेत आहे, निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या आहे, आणि दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावण्याच्या गोष्टी सभांतून करतो.

गोलाईतला एक म्हातारा आडत्या तुम्हाला हळूच म्हणतो, "हितं होता तवा साधे दावे चालवायचा वो. आता बघा." पुढे बोलत नाही. मागून कुणी तरी चालत येतंय.

रझाकारांच्या टोळ्या गावं जाळताहेत. ज्यांना जमतं ते सरहद्द ओलांडून सोलापूर, बार्शीकडे गेलेत. तिथल्या छावण्यांतून तरुण पोरं परत येतात आणि करोडगिरी नाके पेटवतात. उदगीरजवळ हत्तीबेटावर लढणाऱ्यांचं ठाणं आहे. दगडांच्या आड रात्र काढणाऱ्या त्या पोरांतला एक तोच, बारा आऱ्यांवाला. मिशी फुटलीय आता.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय लष्कर सोलापूरच्या बाजूनं नळदुर्गला शिरतं. तिसऱ्या दिवशी एक तुकडी लातूरमार्गे मोमिनाबादकडे सरकते. मोमिनाबाद म्हणजे स्वामीजींचं अंबाजोगाई. १७ तारखेला निजाम शरण येतो. पाच दिवसांत सगळं आटोपतं. गोलाईत लोक रस्त्यावर येतात, गुलाल उडतो, कणग्यांतून, माळ्यांवरून, गाद्यांच्या खोळींतून झेंडे बाहेर पडतात. एकाचाही आकार दुसऱ्यासारखा नाही. कुणावर अजून चरखाच आहे. केशरी म्हणावा तर विटकरी, हिरवा म्हणावा तर निळसर. सरकारी मापात बसणारा एकही झेंडा त्या गर्दीत नसेल. तुम्ही खूप झेंडावंदनं पाहिली असतील, असं दुसरं नाही.

इथं थांबून परत फिरावंसं वाटतं. आपण मराठवाड्यातली माणसं ही गोष्ट सांगताना बहुतेक वेळा इथंच थांबतो. पण तुम्ही प्रवासाला निघाला आहात, तेव्हा अजून काही आठवडे त्याच रस्त्यांवर राहा. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचा सूड ज्यांच्यावर उगवला गेला, त्यांतले बहुसंख्य रझाकार नव्हते. शेतकरी, विणकर, छोटे दुकानदार, त्यांची बायकापोरं. दोष इतकाच की मुसलमान. नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार यांना चौकशीला पाठवलं. त्यांनी गावोगाव फिरून लिहिलं की सगळ्यांत जास्त झळ चार जिल्ह्यांना बसली: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. म्हणजे तुमचं लातूर, तुमचं उदगीर आणि तुमचं नांदेड, तिन्ही त्यांत आले. अख्ख्या संस्थानातल्या मृत्यूंचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा. अहवाल कपाटात गेला आणि २०१३ पर्यंत सर्वसामान्य वाचकाच्या हाती आला नाही. झेंड्याखाली घडलेली गोष्ट झेंड्याच्या गोष्टीतून वगळता येत नाही. तुमच्या गल्लीतलं एक घर, ज्याच्या ओट्यावर हातमागाची फणी टांगलेली असायची, ते आता बंद आहे. लोक त्या घरावरून जाताना चाल थोडी वाढवतात. तुम्हीही वाढवता.

१९५२. पुन्हा दिल्ली, तीच गोल इमारत. पहिल्या लोकसभेचे सदस्य आत चाललेत आणि त्यांत भगव्या कपड्यातले स्वामी रामानंद तीर्थ आहेत, गुलबर्ग्यातून निवडून आलेले. पाच वर्षांपूर्वी ज्या झेंड्यासाठी ते तुरुंगात गेले तो त्यांच्या डोक्यावर आहे. ते वर बघतात का, हे तुम्ही नीट पाहायला हवं होतं. पण तेवढ्यात दारावरच्या शिपायानं तुमच्याकडे पास मागितला.

आता मोठी उडी. हैदराबाद राज्य १९५६ ला मोडलं, उदगीर बीदरमधून निघून उस्मानाबादला जोडलं गेलं, १९६० ला महाराष्ट्र झाला, १९८२ ला लातूर जिल्हा झाला आणि उदगीर त्यात आलं. गाव जागचं हललं नाही, जिल्हे बदलत राहिले. तुम्ही मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या उदगीरच्या केंद्रात येऊन उभे आहात. समितीचं मुख्यालय नांदेडला. झेंड्याचं कापड विणलं जातं इथं.

आत आवाज आहे. धोटा इकडून तिकडे जातो, फणी ठोकली जाते, पायाखालच्या पावड्या खालीवर होतात. पलीकडे बायका चरख्यावर. पेळूतून धागा निघतो, धाग्याची गुंडी होते, गुंडीवर मजुरी ठरते. धागा तुटला की बोटाला थुंकी लावून, पीळ देऊन जोडायचा. पण झेंड्याच्या कापडात अशी जोडणी जितकी कमी तितकं बरं, कारण गाठ रंगात उठून दिसते. ताण्याला आणि बाण्याला दर सेंटिमीटरला किती धागे, कापड किती वजनाचं, किती ओढ सोसून फाटावं, हे सगळं ठरलेलं. स्वतंत्र भारतानं वस्तूंची मानकं ठरवायला घेतली तेव्हा १९५१ च्या पहिल्या मानकाचा विषय झेंडा होता. आयएस १. सिमेंट, लोखंड, तागाची पोती सगळी नंतर.

तुम्हाला वाटलं होतं, इथं केशरी-हिरव्याचे ढीग दिसतील. एकही रंग नाही. मागावर आहे ते मळकट पांढरं कापड, खादीच्या कुठल्याही ठाणासारखं.

"मावशी, यातला केशरी कोणता होणार?"

"त्ये आमाला काय ठावं? आमी पांडरंच इनताव. रंग तिकडं लांब देतेत." बाई कांडी बदलत हसतात. "माज्या हातचा कुटं लागला म्हनून कुनी सांगाय येतंय व्हय?"

१९४७ च्या सभागृहात चरखा झेंड्यावरून उतरला ते तुम्ही पाहिलंय. तो कुठं गेला, ते इथं कळतं. चित्रातून निघाला आणि धाग्यात जाऊन बसला. कारण झेंड्याच्या नियमात पुढे लिहिलं गेलं की कापड हातानं कातलेलं आणि हातानं विणलेलंच हवं. उलटा दिसण्याचा प्रश्नच मिटला.

कापड धुलाई-रंगाईला बाहेर जातं आणि परत येतं ते नांदेडला. तुम्हीही चला. समितीच्या शिलाई विभागात लांबलचक टेबलं आहेत आणि एका भिंतीला घड्या करून ठेवलेले तयार झेंडे, मापाप्रमाणे. मापं नऊ. सगळ्यांत मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, इथल्या भाषेत चौदा बाय एकवीस. सगळ्यांत लहान १५० बाय १००, बैठकीच्या टेबलावरचा. त्याहून किंचित मोठा, २२५ बाय १५०, मोटारीचा. त्याच्या वरचा, ४५० बाय ३००, विमानाचा. लांबी-रुंदीचं प्रमाण नऊही ठिकाणी तेच, तीनास दोन.

मोठ्या झेंड्याचा पांढरा पट्टा टेबलावर पसरलाय. रुंदी १४०० मिलिमीटर. त्यावर चक्र यायचं १२९५ मिलिमीटर व्यासाचं. म्हणजे वर आणि खाली पाच-साडेपाच सेंटिमीटरची फट, तुमच्या तीन बोटांइतकी. मैदानातून वर बघताना ती कळत नाही, पण ती नसती तर चक्र केशरी-हिरव्याला टेकलं असतं आणि गुदमरल्यासारखं दिसलं असतं. छापणारा माणूस आधी मध्य काढतो. मग एका बाजूनं छापतो. मग कापड उलटं करून दुसऱ्या बाजूनं छापतो, आणि ही दुसरी वेळ अवघड. आरा आऱ्यावर बसला पाहिजे. चोवीसच्या चोवीस. एक जरी केसभर सरकला तरी उन्हात मागचा आरा पुढून सावलीसारखा दिसतो, आणि पट्टा बाद. नेहरूंनी सभागृहात एका वाक्यात सांगितलं होतं, झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसावा. त्या वाक्याची किंमत इथं एक माणूस श्वास रोखून चुकवतो.

तुम्ही जवळ जाऊन आरे मोजता. त्यानं ते पाहिलं.

"मोजा की. सगळेच मोजतात."

"बारा आऱ्यांचा कधी पाहिला का?"

"तसला हितून बाहेरच पडत न्हाई." त्याला तुमच्या प्रश्नाचा थोडा रागच आलाय.

शिलाईच्या मशिनवर बाई तिन्ही पट्टे जोडतात. काठीच्या बाजूला जाड पांढऱ्या कापडाची नळी शिवली जाते, तिच्यातून दोरी जाते, दोरीच्या टोकाला लाकडी गिट्टी. झेंडा फाटतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या टोकाला, जिथं वाऱ्याचा फटका बसतो. पण शिवणाऱ्यांची सगळी काळजी या नळीची, कारण सगळा भार तीच पेलते. इस्त्री होते, घडी होते. राज्याराज्यांत पार्सलं जातात. जुलैत इथं बोलायलाही कुणाला फुरसत नसते.

आता थोडं नकोसं. ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहिता बदलली. हातानं कातलेलं-विणलेलंच हवं ही अट गेली. यंत्रावरचं चालेल, पॉलिस्टरही चालेल. पुढच्या ऑगस्टात 'हर घर तिरंगा' आलं आणि झेंडे इतके लागले की देशातले सगळे चरखे रात्रंदिवस फिरले असते तरी पुरे पडले नसते, हे कबूल. प्रत्येक घराला परवडेल असा झेंडा मिळाला हेही खरं, आणि कणगीत धोतराचा झेंडा लपवलेल्या माणसाच्या गावानं याला नावं कशी ठेवावीत? तरी उदगीरच्या त्या खोलीतून आल्यावर मला हा बदल घाईचा वाटतो. घरोघरीसाठी पॉलिस्टर असू द्या. सरकारी इमारतीवर, संसदेवर, खादीची सक्ती ठेवायला काय हरकत होती? चरखा १९४७ ला चित्रातून गेला तेव्हा निदान धाग्यात जागा होती. आता तिथूनही तो ऐच्छिक झाला.

शेवटचा मुक्काम. १७ सप्टेंबर २०२३, रविवार, दिल्ली. नवी संसद. सकाळी साडेनऊच्या सुमारास तुम्ही गजद्वारापाशी उभे आहात. मे महिन्यात उद्घाटन झालेल्या या इमारतीवर आज प्रथमच विधिवत झेंडा चढतोय. उपराष्ट्रपती जगदीप धनखड दोरी ओढतात, लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला शेजारी आहेत. झेंडा उलगडतो. तुम्ही सवयीनं आरे मोजायला लागता, पण वारा मोजू देत नाही.

इकडे मराठवाड्यातही याच घटकेला झेंडे चढलेले आहेत. उरलेल्या महाराष्ट्राला शासकीय झेंडावंदनं तीन: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट. आपल्याला चार. १७ सप्टेंबर, निजाम शरण आला तो दिवस, हे चौथं, आणि यंदा मुक्तीला पंच्याहत्तर वर्षं पुरी झाली म्हणून छत्रपती संभाजीनगरात मोठा सोहळा आहे. अख्खं मंत्रिमंडळ कालच तिथं येऊन बसलंय. पुण्या-मुंबईकडचा पाहुणा या दिवशी लातुरात आला की विचारतो, आज कसली सुट्टी? दिल्लीत तर कुणी विचारतही नाही. तुमच्या आसपासचे वार्ताहर आज विश्वकर्मा जयंती आणि पंतप्रधानांचा वाढदिवस असल्याचं बोलताहेत. तुम्ही एकाला सांगून बघता की ज्या मुलखाचा एकही सभासद १९४७ ला जुन्या इमारतीत नव्हता, त्याचा हा झेंड्याचा दिवस आहे. तो मान डोलावतो आणि कॅमेऱ्याची बॅटरी बदलतो.

नेत्यांच्या रांगेत राज्यसभेतले विरोधी पक्षनेते दिसत नाहीत. मल्लिकार्जुन खर्गे यांनी पत्र लिहून कळवलंय की निमंत्रण फार उशिरा मिळालं. पक्षाच्या कार्यकारिणीच्या बैठकीसाठी ते आज हैदराबादेत आहेत. दिल्लीचे वार्ताहर या पत्राचं राजकारण उलगडताहेत आणि ते त्यांचं कामच. पण तुम्ही उदगीरचे. उदगीरहून बीदरची गाडी धरली की कमालनगर, मग भालकी; त्या भालकी तालुक्यातलं वरवट्टी हे खर्ग्यांचं गाव. रझाकारांनी घर पेटवलं तेव्हा त्यांची आई त्यात गेली; ते स्वतः अगदी लहान होते. १९४७ च्या हिशेबात तुम्ही दोघं एकाच जिल्ह्याचे.

वार्ताहर तुमच्याकडे वळून विचारतो, "आपण कुठून आलात?"

तुम्ही गावाचं नाव सांगता. त्याला ऐकू गेलं नाही. बँड सुरू झालाय. तुम्ही पुन्हा, जरा मोठ्यानं सांगता.